एक नाव, एक फोन

युगांडातल्या मसाकाजवळच्या मठाच्या वायफायचा पासवर्ड फाटकाबाहेरच्या फणसवालीने आपल्या टपरीवर खडूने लिहून ठेवला होता. फणस न घेणाऱ्यालाही तो वाचता येई. महिन्याचं नेट पहिल्याच आठवड्यात संपायला लागलं, तेव्हा मदर रेस्तितुतांनी सिस्टर तेओपिस्ताला बोलावलं. ती मठाच्या शाळेत गणित शिकवायची, शिवाय कंपालाला जाऊन नेटवर्कचा कोर्स करून आली होती.

"प्रत्येकीला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड," तेओपिस्ता म्हणाली. "वायफायचा डबा स्वतः काही ठरवणार नाही. तो सर्व्हरला विचारेल. सर्व्हर हो म्हणाला तरच आत."

"विचारल्याशिवाय काही करायचं नाही. चांगलं आहे," मदर म्हणाल्या.

सर्व्हर मेणबत्त्यांच्या कोठीत बसला. पहिला दिवस वाया गेला. डबा आणि सर्व्हर यांना एकमेकांची ओळख पटावी म्हणून दोन्हीकडे एकच गुप्त शब्द घालावा लागतो. डब्यात तो घालताना तेओपिस्ताच्या हातून शेवटी एक मोकळी जागा पडली होती, त्यामुळे डबा विचारत राहिला आणि सर्व्हर ढिम्म. चूक सापडल्यावर ती खोक्यावर बसली आणि तिने गार झालेलं मटोके, म्हणजे कुस्करलेली उकडलेली कच्ची केळी, खाल्लं.

मग फोन जोडायला सगळ्यात आधी आल्या ऐंशीच्या सिस्टर पर्पेतुआ.

"हा विचारतोय, या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का?"

"ठेवा, सिस्टर."

"त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलंय?"

"मीच."

"बस दहाला आहे, हेही तूच सांगितलं होतंस," म्हणत त्यांनी विश्वास ठेवला.

थोड्याच दिवसांत सर्व्हरवर दिसलं की पर्पेतुआ एकाच वेळी नऊ फोनवर आहेत आणि त्यातल्या एकावर, गोठ्यात, फुटबॉल बघताहेत.

"सिस्टर, पासवर्ड वाटायचा नसतो!"

"मी व्रत घेतलंय, तेओ. माझं म्हणून काही नाही. मागितलं, दिलं."

व्रत तेओपिस्तानेही घेतलं होतं. तिने थेट सर्व्हरलाच सांगून टाकलं: एक नाव, एक फोन.

त्यानंतर रोज पहाटे राखणदार सेमवांगा पर्पेतुआंच्या नावाने आत शिरायचा आणि खुद्द पर्पेतुआ बाहेर राहायच्या. त्या तक्रार करत नव्हत्या. ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या, तेच तेओपिस्ताला सहन होईना. ती त्यांना घेऊन मदरकडे गेली.

मदरनी सगळं ऐकलं. "दात घासायचा ब्रशही मठाचाच असतो, पर्पेतुआ. तरी आपण एकमेकींचा वापरत नाही."

"खरं आहे, मदर. पण ज्याला ब्रशच दिला नाही, त्याने काय करायचं?"

तेओपिस्ताच्या मनात नावं फिरली. तिने सर्व्हरवर सगळ्या सिस्टर घातल्या होत्या, सगळ्या शिक्षिका घातल्या होत्या. राखणदार, स्वयंपाकीण, गवळी यांतलं कुणीच नव्हतं. तिचे कान तापले.

"आजच घालते," ती म्हणाली.

सेमवांगाला पासवर्ड म्हणून आपल्या गाईचं नाव हवं होतं. सर्व्हरला ते फार छोटं वाटलं. बरीच घासाघीस झाल्यावर सेमवांगा गाईचं आणि तिच्या वासराचं नाव जोडायला तयार झाला. पर्पेतुआंना नवा पासवर्ड मिळाला आणि कुणी मागितला तर नाही म्हणायचं, हेही तेओपिस्ताने त्यांच्याकडून वदवून घेतलं.

संध्याकाळी त्या पुन्हा दारात.

"काय झालं? चालत नाही का?"

"वायफाय चालतंय गं. फोन बंद पडलाय."

"मग चार्जर लावा ना."

"चार्जर मघाशी गवळ्याने मागितला."