जुळ्या खांबांची पाचर

“तुमी न बघता लिहिलंत, साहेब! गाडीची काच खाली केली, तिथूनच बोट दाखवलं आन् आमच्या बाजारघराला मेलेलं ठरवलंत!”

अर्जाची पहिलीच ओळ संगिता राठोडनं अशी खणखणीत वाचली. जेसीबी दहा हातांवर घुरघुरत होता. मंगळवारचा बाजार अर्धा भरला होता. भाजीवाल्या बायका टोपल्या उचलायला तयार नव्हत्या.

“बाई, रिपोर्ट साफ आहे. मधला खांब वरपासून खालपर्यंत चिरलाय,” अभियंता म्हणाला. “उद्या माणसं दबली तर तुम्ही जबाबदार का?”

“बराबर. मी जबाबदार. अजून काय इचारायचंय?”

संगिता बोलाचालीला नव्हती आली, कामाला आली होती. तांड्यावरची ही बाई स्वतः गवंडीकाम करायची. तिचा आजा हिरासिंग लदेणीच्या, म्हणजे पाठीवर ओझं वाहणाऱ्या, बैलांवर दगड-चुना वाहता वाहता बांधायला शिकला. गावातला संतराम गवंडी त्याचा भिडू. तिकडं वस्तीत एकमेकांच्या घरचं पाणी चालत नव्हतं, इकडं हे दोघं एका हंड्यातलं पाणी पिऊन चुना मळायचे. औंढ्याची धर्मशाळा त्यांचीच, वारंगा फाट्याजवळचं दगडी गोदाम त्यांचंच आणि साखऱ्याच्या वाटेवरचं हे दहा कमानींचं बाजारघरही त्यांचंच. पाच कमानी गावाच्या माणसांनी उभ्या केल्या, पाच तांड्याच्या. कागदावर मात्र दोघांचं नाव कुठंच नव्हतं. कागद ज्यांच्या हातात, त्यांना गवंड्याचं नाव कशाला पाहिजे?

बाजारघर पाडायची नोटीस लागली त्या दिवशी संगिता थेट वारंग्याला गेली होती. गोदामाला कुणी सिमेंट फासलेलं नव्हतं, म्हणून तिथं दिसलं. मध्ये एक खांब नव्हताच. दोन खांब, खांद्याला खांदा लावून, मध्ये अंगठ्याएवढी फट. दुसऱ्या दिवशी औंढ्याला गेली. तिथंही तेच. तशीच उलट फिरून ती संतरामच्या नातवाकडं, माऊलीकडं आली. तोही गवंडीच.

“भाऊ, आपल्या बाजारघराच्या खांबात काय हाय?”

माऊलीचं तोंड उतरलं. “फट व्हती. मीच बुजवली ताई, धा वर्सं झाली. वरून हुकूम आला, फट दिसून राहिली, भरा अन् गिलावा मारा. मी म्हणलं, साहेबाला जास्त कळत असंल.”

“गवंड्याचा नातू अन् काहून भरायची म्हणून इचारलं न्हाई?”

आतून त्याची आई गोजरबाई आली. तिच्या हातात देव्हाऱ्यातली बाभळीची पाचर होती, हळदीकुंकवानं लाल-पिवळी झालेली. “सासऱ्याची हाय. दर दसऱ्याला पुजतो आमी. कशाची ते कुणालाच ठावं न्हाई.”

संगितानं अंगठा पाचरीला लावून पाहिला आणि हसली. “मावशी, देव न्हाई हा. माप हाय!”

आता बाजारात तिनं माऊलीला खूण केली. माऊलीनं छिन्नी लावली.

“सरकारी इमारत आहे! हात लावू नका!” साहेब ओरडला.

“पाडताना सरकारी न्हाई का?” टोपलीमागून भाजीवाली रुक्माबाई ओरडली. सगळा बाजार खदखदला.

आपल्याच हातानं मारलेला गिलावा माऊली आपल्याच हातानं फोडत होता. घाव बसला की त्याचे ओठ आवळले जायचे. सिमेंटचे पापुद्रे पडले. आतून तेलात बुडवलेला अंबाडीचा दोर निघाला, अजून चिवट. दोराच्या दोन्ही बाजूंना घडवलेल्या दगडांच्या कडा, सुरीनं कापल्यासारख्या. एक दगड फुटलेला नव्हता.

संगितानं दोर ओढून काढला आणि पाचर फटीत वर सरकवली. मध्ये सरकवली. पार पायाशी बसून सरकवली. तिन्ही ठिकाणी सारखीच बसली, ना ढिली ना घट्ट.

“चीर वर एका मापाची, खाली दुसऱ्या मापाची असती, साहेब. ही मोजून ठेवलेली हाय. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात फाटती. इकडच्या पाच कमानी इकडं हलल्या, तिकडच्या तिकडं, तर कुणी कुणाला ओढू नये म्हणून दोघांनी जागा सोडली. तुमी ती बुजवली. गिलावा चिरला अन् तुमाला खांब चिरलेला दिसला!”

अभियंत्यानं स्वतः पाचर घेतली. वर घातली, खाली घातली. मग पुन्हा वर. घाम पुसला आणि ड्रायव्हरला हात केला. “बंद कर.”

जेसीबी गप्प झाला आणि बाजार दणाणला. कुणी मिरच्या उधळल्या, कुणी शेंगा. गोजरबाई येऊन जुळ्या खांबांमध्ये उभी राहिली, एक तळवा इकडच्या दगडावर, एक तिकडच्या. माऊली तिथंच उकिडवा बसून लेकरासारखा रडला.

“नोटीस मागं घेतो,” साहेब म्हणाला. “तसं लिहून देतो.” खरंच दिलं, भोपळ्याच्या टोपलीवर कागद ठेवून, सहीसकट. तो गाडीकडं वळला.

“थांबा,” संगिता म्हणाली.

ती दोन खांबांच्या मधोमध मांडी घालून बसली. तिच्या शेजारी माऊली बसला. मग रुक्माबाई, मग सगळा बाजार.

“अर्ज अजून संपला न्हाई, साहेब. खांब उभा राहिला, आता माणूस उभा करा. फट बुजवायचा हुकूम कुणाचा? अन् न बघता ‘चिरला’ म्हणून सही कुणाची? तुमच्या तोंडानं नाव सांगा.”