थांबणारं इंजिन

मिस्त्रीच्या शेडमध्ये होड्यांची जुनी इंजिनं लाकडी घोड्यांवर ओळीनं अडकवलेली होती. म्हाताऱ्यानं आत पाऊल टाकलं आणि रामराम ना श्यामश्याम, पहिल्याच इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवला.

"गरम आहे," तो म्हणाला.

"दारातलं ऊन लागतं हो, काका."

"ऊन पलीकडच्या बाजूला आहे."

मिस्त्री कानकोंडा झाला. सुरू व्हायला कुरकुरणारं इंजिन असलं, की गिऱ्हाईक यायच्या आधी ते गुपचूप चालवून ठेवायचं, म्हणजे गिऱ्हाइकासमोर पहिल्या झटक्यात सुरू होतं. ही चलाखी अख्ख्या धक्क्याला ठाऊक. आणि हा शेंडी लावायला निघाला होता कुणाला, तर चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला!

म्हाताऱ्याला धक्क्यावर सगळे गाठवाले म्हणत. त्यानं मारलेली गाठ आपणहून कधी सुटली नाही. जाळ्याची असो, नांगराची असो, लोक दोर घेऊन त्याच्या दारात यायचे, आणि त्याला त्याचा अभिमानही होता. का नसावा? माणसाला एखादी तरी गोष्ट चांगली यावी लागते.

त्याच्यामागे सून उभी होती. सात महिन्यांपूर्वी तिचा नवरा, म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा, समुद्रात गेला. पोहणारा, धडधाकट गडी. जाळं ओढताना तोल जाऊन पडला, आणि होडी त्याला मागे टाकून पुढे निघून गेली. दुसऱ्यांना ती सापडली तेव्हा रिकामीच गोल गोल फिरत होती, इंजिन ठणठणीत चालू. मुलगा सापडला तिसऱ्या दिवशी. ते इंजिन डोळ्यांसमोर नको म्हणून म्हाताऱ्यानं विकून टाकलं. होडी मात्र वाळूवर उलटी पडून राहिली. गेल्या आठवड्यात सून म्हणाली, "होडी कुजवायची नाही. मी जाणार." ती मासेमाऱ्याचीच लेक, तिला कोण अडवणार? म्हाताऱ्यानं एवढंच म्हटलं, की इंजिन मी निवडीन.

आता तो एकेका इंजिनापुढे वाकत होता. खालचा स्क्रू काढून बोटावर गिअरचं तेल घ्यायचा. तेल दुधाळ दिसलं की आत पाणी शिरलंय, पुढे चला. मिस्त्रीनं मधलं एक निळं इंजिन थोपटलं.

"हे घ्या, डोळे झाकून. वादळ येवो, काही येवो, बंद पडायचं नावच घेत नाही!"

म्हातारा खाली वाकला. त्यानं त्या इंजिनाचं लाल बटण बघितलं. बटणाखाली सुतळीचे वेढे होते.

"याची दोरी कुठंय?"

मिस्त्री हसला. "ती कोण वापरतं, काका?"

प्रत्येक नव्या इंजिनाबरोबर एक लाल दोरी येते. एक टोक त्या बटणाखाली चिमट्यानं बसवायचं, दुसरं आपल्या मनगटात. माणूस पडला की चिमटा निघतो, बटण आत जातं, इंजिन जागच्या जागी थांबतं. पण जाळं ओढताना दोरी आड येते, धक्का लागून इंजिन दहादा बंद पडतं. मग दोरी जाते अडगळीत, आणि बटणाखाली सुतळी. सगळेच करतात. सगळेच करतात म्हणून कुणाला त्यात चूक वाटत नाही, हीच तर मेख आहे.

"लोक न थांबणारं इंजिन मागतात," मिस्त्री म्हणाला.

"मला थांबणारं पाहिजे."

बैल गेला नि झोपा केला, म्हातारा मनात म्हणाला, पण पुढे सरकत राहिला. निळं, पांढरं, काळं; सगळ्यांना सुतळी. शेवटी कोपऱ्यात एक रंग उडालेलं इंजिन सापडलं. कुणा हौशी माणसानं सुट्टीपुरतं वापरलेलं. झाकण गार. तेल स्वच्छ. आणि लाल दोरी जागेवर, नवीकोरी.

मिस्त्रीनं ते पाण्याच्या पिंपात लावलं. सुनेनं पदर खोचला, सुरू करायचा दोरा ओढला. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं, मागून पाण्याची धार नीट उडाली. म्हाताऱ्यानं लाल दोरी तिच्या मनगटात घातली.

"मागे सरक."

ती सरकली. चिमटा निघाला, इंजिन थांबलं.

"पुन्हा."

पुन्हा थांबलं. पाच वेळा करून बघितलं. दरवेळी ती शांतता कानांवर आली, की म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे तोच पाण्यातला मुलगा यायचा. धावत्या होडीमागे माणूस पोहून पोहून किती पोहणार!

"हेच," तो म्हणाला. मिस्त्री कागद आणायला आत गेला.

म्हातारा पिंपाच्या काठाला धरून उभा राहिला. सात महिने तो मूग गिळून बसला होता. सांगितलं तर ही घर सोडून जाईल, आणि गेली तर तिचं काय चुकलं? पण हे इंजिन तिच्या हाती देऊन गप्प बसणं आता त्याच्यानं होईना.

"पोरी, त्याच्या त्या इंजिनाचं बटण... मी बांधलं होतं. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, दोरीला बांधून घ्यायला तू काय वासरू आहेस?"

सून मनगटातली दोरी काढत होती. ती थांबली नाही.

"माहीत आहे."

"काय?"

"विकायच्या आदल्या दिवशी ती सुतळी मी सोडवली, बाबा. दुसऱ्या कुणाच्या घरात तसं होऊ नये म्हणून. नखं तुटली माझी. तशी गाठ धक्क्यावर दुसरं कोण मारतं?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते." तिचा आवाज फाटला. "राग आहे मला. खूप आहे. तो जाणारही नाही एवढ्यात. तुम्ही आज बोलला नसता ना, तर हे इंजिन घेऊन मी माहेरी जाणार होते."

म्हातारा तिथंच मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. तिनं त्याला उठवलं नाही, डोळे पुसले नाहीत. रडून झाल्यावर मात्र ती समोर बसली, त्याचा तो गाठी मारणारा हात ओढून घेतला आणि लाल दोरी त्याच्या मनगटात घातली.

"जाळं मी ओढीन. इंजिनावर तुम्ही बसायचं," ती म्हणाली. "आणि ही काढायची नाही. आता घरात दोघंच उरलोय."