गार इंजिनाचे सहा सेकंद

सकाळी पहिल्यांदा चालू केली की गाडी खडखडते आणि गॅरेजपर्यंत येईतो गप्प होते, अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की मी एकच सांगतो. आदल्या संध्याकाळी गाडी इथे ठेवून जा. रात्रभर इंजिन गार होऊ दे. सकाळी मी स्वतः सेल्फ मारीन, ऐकीन आणि मग बोलीन. गरम इंजिन ऐकून मत देणं म्हणजे ताप उतरल्यावर पेशंट तपासणं. चाळीस वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला. कारण काय, तर गाडीवाली एकाहत्तर वर्षांची होती.

त्या शिलाईवाल्या काकू. तीस वर्षं चौकात कपडे शिवायचं दुकान चालवलं आणि नवरा गेल्यावर मुलाकडे राहायला आल्या. गाडी छोटी, पांढरी, बारा वर्षांची, पण अंगावर एक ओरखडा नाही. पहिल्या खेपेला त्या म्हणाल्या, "मिस्त्री, सकाळी चालू केली की खडखडते. पत्र्याच्या डब्यात टाचण्या घालून हलवाव्यात तशी. पाच-सहा सेकंद. मग एकदम बंद."

मी बॉनेट उघडलं. गाडी घरापासून चालवत आणलेली, इंजिन चांगलं तापलेलं. आवाज येणार कुठून? तेव्हाच म्हणायला हवं होतं, ठेवून जा. म्हणालो नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला गॅरेजात चार माणसं उभी होती, आणि चार माणसं दिसली की माझी जीभ जरा जास्तच सैल सुटते. "काकू, इंजिन ठणठणीत आहे," मी म्हणालो. "तुम्ही नीट जाग्या होऊन मग गाडीत बसत जा." माणसं हसली. काकू हसल्या नाहीत. पदराने हात पुसून गाडी घेऊन गेल्या.

मला इथे सगळे कानसेन म्हणतात. बेअरिंग गेलंय की पिस्टन ढिला झालाय, हे मी बॉनेट न उघडता सांगितलंय आणि पैजा जिंकल्यात. घरी मात्र या कानांचं कोणाला कौतुक नाही. आमच्या हिला अलीकडे तोंडातल्या तोंडात पुटपुटायची सवय लागलीय. टीव्हीवरच्या बायकाही हल्ली बातम्या कुजबुजल्यासारख्या देतात. लोकांना स्पष्ट बोलायचा आळस आलाय, असं माझं मत होतं.

मग एका बुधवारी काकूंचा मुलगा आला. विम्याच्या कचेरीत कामाला, भला माणूस, आईची काळजी करणारा. "काका, खरं सांगा, गाडीत काही दोष आहे का? आईला आवाज येतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत काहीच नसतं. आम्हाला भीती वाटते, तिलाच काहीतरी व्हायला लागलंय."

हातातलं काम घाईचं होतं. मी मान वर न करता म्हणालो, "गाडीचं काही नाही हो. त्यांचे कान दाखवून घ्या. नाहीतर डोकं."

शेवटचे दोन शब्द कशाला बोललो, देव जाणे. तो मात्र ते घरी घेऊन गेला.

शुक्रवारी काकू चालत आल्या. मी गाडीखाली होतो, मला फक्त चपला दिसल्या. बाहेर आलो तर त्या तशाच उभ्या, घामाने डबडबलेल्या.

"मिस्त्री, तुम्ही माझ्या मुलाला काय सांगितलंत?"

मी काहीतरी सारवासारव करायला गेलो. त्यांनी हातानेच थांबवलं.

"रविवारी तो गाडीची किल्ली काढून घेणार आहे. म्हणतो, मिस्त्रीसुद्धा म्हणाले. माझी धाकटी बहीण गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात आहे. अंथरुणाला खिळलीय. मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाते, तिला न्हाऊ घालते, दोन घास भरवते. बस तिकडे जात नाही. मुलगा म्हणतो, मी नेत जाईन. वर्षभरात त्याने दोनदा नेलं. आज शुक्रवार आहे आणि मी इथे उभी आहे, कारण सूनबाई म्हणाली, नको आई, वाटेत काही झालं तर?"

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मीही चढवला असता आणि सुटलो असतो. मला लाज वाटली, तीही बरीच उशिरा. "उद्या सकाळी सहाला मीच घरी येतो," मी म्हणालो. "गार असताना ऐकतो. मग तुमच्या मुलाशी मी बोलेन."

शनिवारी सहाला पोचलो. सूनबाई खालीच उभी होती, हसतमुख. "या काका! तुमचा खोळंबा नको म्हणून मी दहा मिनिटं आधीच चालू करून ठेवलीय. मस्त तापलीय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण त्या पोरीने भलेपणानेच केलं होतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मग मी तेच केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. गाडी गॅरेजात आणून ठेवली.

रविवारी काकू साडेसहाला चालत आल्या. मुलगा दहाला येणार होता, किल्ली घ्यायला. मी आल्या आल्या कॉम्प्रेसरची टाकी भरून घेतली होती, आता तो बंद होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. यापेक्षा चांगली शांतता मिळणार नव्हती. बॉनेट वर केलं, खिडकीतून हात घालून सेल्फ मारला आणि इंजिनावर वाकलो.

काही नाही. इंजिन लोण्यासारखं चालत होतं.

मी मान वर केली. काकू माझ्याकडे अशा बघत होत्या, की आता तरी पटलं ना. "ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "आज तर सात सेकंद होता."

मला त्यांची दया आली, हे कबूल करतो. म्हातारीला खरंच भास होताहेत आणि आता दहाला मलाच ते मुलासमोर सांगावं लागणार. मी इंजिन बंद केलं. कसं बोलावं याची जुळवाजुळव करत फडक्याने हात पुसत राहिलो.

"आणि ते मागे सूं सूं काय चाललंय मघापासून?" काकू म्हणाल्या. "हवा सुटतेय कुठूनतरी."

"कुठे?"

"तिथे. त्या टाकीपाशी."

माझा कॉम्प्रेसर दोन महिने रात्रीत रिकामा होत होता. विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला होता. मी टाकीपाशी गेलो, पाइपच्या जोडाला जवळजवळ कान लावला. काहीच ऐकू येईना. वाडग्यात साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने जोडावर लावलं. भराभर फेस फुगला. बोट लावलं तर गार हवेची धार लागत होती. बोटाला लागत होती आणि दोन बोटं अंतरावरच्या कानाला पत्ता नव्हता.

मी तिथेच स्टुलावर बसलो. ही पुटपुटत नाही. टीव्हीवरच्या बायका कुजबुजत नाहीत. चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडे मारून मला बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत. जाड ठोके ऐकू येतात, म्हणून मला वाटत होतं सगळं ऐकू येतं. किती गाड्या मी अशा ठणठणीत म्हणून परत पाठवल्या असतील?

"काय झालं मिस्त्री?" काकूंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "माझ्या मुलाला सांगाल?"

आता गंमत बघा. पुरावा काहीच नव्हता. इंजिन तापलं होतं आणि दुसरी संधी सोमवारी सकाळीच मिळणार होती. एक दिवस मागून घ्यायचा तर कारण सांगावं लागणार, आणि कारण एकच होतं.

मुलगा दहाला आला तेव्हा नेमका आमचा टॅक्सीवाला चाकात हवा भरायला उभा होता. त्याला आम्ही बातमीदार म्हणतो. त्याच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळच्या आत गावभर होते. थांबावं, तो जाऊ दे मग बोलू, असं मनात आलं. पण काकू माझ्याकडे बघत होत्या.

"आवाज आहे," मी म्हणालो. "मला येत नाही. माझे कान गेलेत."

बातमीदाराच्या हातातली नळी तशीच राहिली.

"म्हणजे?" मुलगा गोंधळला. "बुधवारी तुम्ही मला म्हणालात..."

"बुधवारी एका बहिऱ्या माणसाने चांगलं ऐकू येणाऱ्या बाईबद्दल मत दिलं. ते परत घेतो. आणि डोक्याबद्दल जे बोललो त्याची माफी मागतो, तुमची नाही, त्यांची."

"पण मग तुम्ही गाड्या कशा दुरुस्त करता, काका?"

"हाच प्रश्न सकाळपासून मला छळतोय. मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या. किल्ली उद्या घ्या, घ्यायचीच असेल तर."

तो आईकडे बघत राहिला. मग नुसतंच "बरं" म्हणून गेला. बातमीदार अर्धवट भरलेल्या चाकावरच निघाला, इतकी त्याला घाई झाली होती.

सोमवारी सकाळी आम्ही चौघं होतो. बातमीदाराला कोणी बोलावलं नव्हतं, पण आलाच होता, तर त्याला सेल्फ मारायला बसवला. काकूंना मी दाराशी पाठमोरं उभं केलं. आवाज असेपर्यंत हात वर, थांबला की खाली. मी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि त्याचं टोक इंजिनाच्या आत फिरणाऱ्या टायमिंग चेनच्या झाकणावर टेकवलं; डब्यातल्या टाचण्या म्हटल्यावर माझा संशय तिच्यावरच होता. सवयीने दांडा कानाशी नेला होता, तो खाली आणून तळहातात घट्ट धरला. डावा हात मोकळा ठेवला. कंप असेपर्यंत वर, थांबला की खाली. मुलगा मध्ये उभा राहिला, दोघांचे हात दिसतील असा.

"मार," मी म्हणालो.

तळहातात मुंग्या आल्या. बारीक, सुटी, घाईघाईची थरथर. माझा डावा हात वर गेला. ऐकू मात्र नेहमीचं इंजिनच येत होतं. मग थरथर एकदम थांबली आणि मी हात खाली टाकला.

मुलाचं तोंड उघडंच होतं. "एकदम," तो म्हणाला. "दोघांचे एकदम खाली आले."

दुपारपर्यंत झाकण उघडलं. चेन ताणून धरणारा तुकडा ढिला पडला होता. गार इंजिनात ऑइल चढून तो ताठ होईपर्यंत चेन मोकळी लोंबायची आणि झाकणावर आपटायची. आतून पत्र्यात बोटभर लांब चरा पडला होता. मी मुलाचं बोट धरून त्यावरून फिरवलं. अजून महिना-दोन महिने असंच चाललं असतं, तर भर रस्त्यात चेन चाकाच्या दातांवरून उडाली असती आणि इंजिनाचे बारा वाजले असते. काकू तिथेच डब्यावर बसल्या होत्या. त्यांना मी विचारलं, इतकं खात्रीने कसं सांगत होतात? "तीस वर्षं मशीन चालवलं मी," त्या म्हणाल्या. "पुढे काय बिघडणार ते आधी आवाजातच कळतं. पण मशीनवर बसून सांगितलं तेव्हा लोकांनी ऐकलं. मुलाच्या घरात राहायला आल्यावर ऐकायचे बंद झाले."

मुलगा हे ऐकून बाहेर जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

नवा तुकडा, नवी चेन बसवायला रात्र झाली. आता इंजिन पुन्हा पुरतं गार व्हायला हवं होतं, म्हणून मंगळवारी सकाळी परत सगळे जमलो. गॅरेजबाहेर नेहमीपेक्षा गर्दी कमी होती. बातमीदाराने आपलं काम चोख केलं होतं.

मी सेल्फ मारला. इंजिन चालू झालं आणि मुलाने माझ्या तोंडाकडे बघितलं. चाळीस वर्षं सगळे असेच बघत आलेत, त्याचा एकट्याचा काय दोष.

"काका, गेला का आवाज?"

"मला काय विचारता?" मी म्हणालो. "त्यांना विचारा."

तो वळला. जरा अडखळला. "आई, गेला का गं?"

काकू बॉनेटपाशी आल्या. मान किंचित कलती करून त्या ऐकत राहिल्या, चांगलं मिनिटभर, आणि तेवढा वेळ तोही हूं की चूं न करता त्यांच्या उत्तरासाठी उभा राहिला.

"गेला," त्या म्हणाल्या. मग त्याला हाताने बाजूला सारून गाडीत बसल्या, कारण बहिणीकडे जायला उशीर झाला होता.