रविवारी वाढणारी रोपं

मुलगी सहावीत गेली आणि तिच्याबरोबर मीही पुन्हा सहावीत जाऊन बसले.

गणित-विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी प्रकल्प दिला होता. कागदी कपात घेवड्याचं बी पेरायचं, रोज सकाळी सात वाजता दोन चमचे पाणी घालायचं, उंची मिलिमीटरमध्ये मोजायची आणि चौदा दिवसांनी आलेख काढायचा. ज्यांची वही चांगली, त्या सहा जणांना प्रयोगशाळेच्या गटात जागा. मुलीला ती जागा हवी होती. मला किती हवी होती ते विचारू नका.

"आई, तू कपाला हात लावायचा नाहीस," तिने पहिल्याच दिवशी बजावलं. तिचा बाबा तिला उगाच इन्स्पेक्टर म्हणत नाही.

मी हात लावला नाही. नुसतं पाणी घातलं. ती शाळेत गेली की जरासं, खेळायला गेली की अजून जरासं. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे. मुळांनाही हवा लागते, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं आहे. पण ते परक्या झाडांबद्दल होतं.

नवव्या दिवशी, शनिवारी, रोपाने मान टाकली.

"गेलं वाटतं," नवरा म्हणाला. "तसंच लिहू दे ना तिला."

"आणि जागा?"

वॉशिंग मशीनच्या मागे माझी पाच राखीव रोपं होती. आयांच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नुकतंच कळवलं होतं, 'आमचं एकशे तीस!' रविवारी सकाळी सहाला, मुलगी झोपेत असताना, मी पाचांतलं सर्वांत उंच रोप कपात लावलं.

सातला ती पट्टी घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली. वहीत काहीतरी लिहिलं आणि दूध प्यायला बसली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढच्या शनिवारी पालकसभा होती. वर्गाच्या भिंतीवर चौतीस आलेख लावलेले होते. बाईंनी फळ्यावर सगळ्या वर्गाची सरासरी काढून रेघ ओढली होती. रेघ नऊ दिवस शहाण्यासारखी चढत होती आणि दहाव्या दिवशी तिने उडीच मारली होती.

"एका दिवसात सरासरी एकेचाळीस मिलिमीटर," बाई शांतपणे म्हणाल्या. "दहावा दिवस रविवार होता. रविवारी पालकांना सुट्टी असते. झाडांनाही फावतं, हे मला नवीन आहे."

कोणीतरी खोकलं. डॉक्टरीणबाई पचनसंस्थेच्या तक्त्यात गढून गेल्या.

बाईंनी एक वही उघडली. कव्हर मीच घातलेलं होतं.

"दिवस नववा. ब्याण्णव मिलिमीटर. देठ तळाशी मऊ. मी दोनच चमचे पाणी घातलं, तरी माती चिखलासारखी. दिवस दहावा. एकशे एकेचाळीस. हे वेगळं रोप आहे. माझ्या रोपाला मी निळा दोरा बांधला होता. आईच्या नखांत माती आहे. आईला विचारलं नाही, ती घाबरते. अनुमान: पहिलं रोप जास्त पाण्याने मेलं. पाणी कोणी घातलं, हे सिद्ध झालेलं नाही."

माझे हात आपोआप पर्सखाली गेले.

"सहावी जागा हिला द्यावी असं मला वाटतं," बाई म्हणाल्या. "पण वहीतलं खरं आहे, असं कोणीतरी लिहून द्यायला हवं. ताई, तुम्ही सही कराल?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. ज्यांच्या घरी रविवारी तेच झालं होतं, त्यांच्या जरा जास्तच.

"पेन आहे ना? नाहीतर माझं घ्या," डॉक्टरीणबाई प्रेमाने म्हणाल्या.

त्यांच्याच पेनाने मी लिहिलं, 'वरील निरीक्षण खरे आहे. पाणी मी घातले.' खाली सही केली, तारीख घातली.

फाटकाबाहेर मुलगी वाट बघत होती. जागा मिळाल्याचं आणि माझ्या सहीचं तिला आधीच कळलं होतं.

"आई, तू सही का केलीस? खरं होतं म्हणून, की मला जागा मिळावी म्हणून?"

"दोन्ही," मी म्हटलं.

ती थांबली. दप्तरातून वही काढली, पेन्सिलीचं टोक तपासलं.

"किती किती टक्के?"