सुनेच्या वाणाचा साबण

शेवंतीला एखाद्या गोष्टीचं कौतुक वाटलं की तिच्या पोटात ते राहतच नाही. घोडबंदर रोडला समोर तीस-तीस मजल्यांचे टॉवर झाले, तरी मागच्या गावठाणातल्या बायकांना बातम्या अजून तिच्याकडूनच कळतात. त्यात तिच्या मुलाला, मितेशला बायको मिळाली डोंबिवलीची, रुचिता. ही पोरगी घरच्या घरी अंगाचे साबण करते. मग काय विचारता! "आमच्या सुनंच्या पयल्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तिनं केलेला साबण मिळंल हां," असं शेवंतीने दिवाळीतच सगळ्या गावाला सांगून टाकलं. सुनेला विचारायचं तेवढं राहिलं.

रुचिता हसली आणि कामाला लागली. साबण मुरायला महिना तरी लागतो, म्हणून तिने मार्गशीर्षातच घाट घातला. गच्चीवर हातमोजे चढवून ती साबणाला लागणारा कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवत होती. तिथूनच तिने हाक मारली, "आई, खोबरेल पाच किलो मोजून टोपात ओताल का? काटा ओट्यावरच आहे."

"ओतते गो," शेवंती म्हणाली, आणि ओतलं.

साबण दिसायला झाला सुरेख. पण संक्रांत तोंडावर आली तेव्हा रुचिताने एक वडी ओली केली, बोट जिभेच्या टोकाला लावलं आणि पटकन चूळ भरली. मग दुसरी वडी, मग तिसरी. तिचा चेहरा उतरला.

"आई, कॉस्टिक जास्त राहिलंय. हा अंगाला लावला तर आग होईल."

"वाटून टाक! वाणाचा साबण लावतंय कोण? हिच्याकडचा तिच्याकडं, तिच्याकडचा आनखी कुनाकडं, पुढच्या संक्रांतीपर्यंत फिरत ऱ्हातो."

"आणि एखादीने तान्ह्या बाळाला लावला तर?"

ते शेवंतीला पटलं. पण आता आपलं हसं होणार हे तिला दिसायला लागलं. कारण गावात तिची चुलत जाऊ होती, मीराबाई. एका बिचारीच्या पहिल्या हळदीकुंकवाला चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. ती सून आता स्वतः आजी झाली, तरी मीराबाई तिला 'खारट चहावाली' म्हणते आणि मीराबाई म्हणते म्हणून सगळं गाव म्हणतं. आता रुचितालाही असंच काहीतरी चिकटणार आणि ते जन्मात सुटणार नाही, या विचाराने शेवंतीला जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा ठेवायला स्वयंपाकघरात आली, तर रुचिता काट्यापाशी उभी. उरलेल्या खोबरेलाची एक लिटरची बाटली तिने पातेल्यात रिकामी केली होती. काट्यावरचा आकडा किलोच्या बराच अलीकडे थांबला होता. सासूची चाहूल लागताच तिने झटकन काटा बंद केला आणि म्हणाली, "काही नाही आई, असंच."

असंच कसलं? शेवंतीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने त्या दिवशी काट्याला हातही लावला नव्हता. पाच बाटल्या मोजल्या आणि ओतल्या. लिटर काय नि किलो काय, असं धरून तिने अख्खा संसार केला होता. आणि तेल निघालं हलकं! तेल कमी पडलं म्हणून कॉस्टिक जास्त झालं. पोरीला सगळं कळलं होतं, आणि ती एका शब्दाने बोलली नाही. शेवंतीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रुचिताने मात्र पदर खोचला. म्हणजे ओढणी खोचली. "अंगाला झोंबणारा साबण कपड्यांना चालतो. आपण धुण्याचा करू."

मग तिने नाकाला रुमाल बांधून सगळ्या वड्या किसल्या. किसणी तिने वेगळी ठेवलेली, घरातली घेऊ दिली नाही. मोठ्या टोपात थोडं पाणी, त्यात कीस, खाली मंद आच. कीस विरघळून पिठल्यासारखा दाट झाला तसा तिने धुण्याचा सोडा टाकला आणि हात न थांबवता ढवळत राहिली. दंड भरून आले असतील, पण तोंडाने गाणं चालू! ते तिने ट्रेमध्ये ओतलं, घट्ट झाल्यावर वड्या पाडल्या. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून बाइकवर येऊन येऊन मितेशच्या शर्टाची कॉलर काळी झाली होती. तिच्यावर वडी फिरवली, घासली, आणि पाणी ओतलं तर कॉलर पांढरीशुभ्र. शेवंती बघतच राहिली. एवढा माल फुकट गेला म्हणून दुसरी कुणी रडत बसली असती. ही पोरगी खरंच हिऱ्यासारखी आहे, असं तिला वाटलं.

हळदीकुंकवाला ओटी-अंगण बायकांनी भरून गेलं. रुचिता पुढे झाली आणि स्वतःहून म्हणाली, "अंगाचा साबण करायला घेतला होता. पण तेलाचं माप माझ्याकडून चुकलं. म्हणून धुण्याचा केलाय. कृपा करून अंगाला लावू नका."

मीराबाईला एवढंच पाहिजे होतं. "वाणाला धुन्याचा साबन? सवाष्णींना धुनं धुवाला लावतंस काय गो?"

अंगणात हशा पिकला. रुचिताही हसली, पण तिचे कान लाल झालेले शेवंतीने बघितले. आता तिला राहवेना.

"हसताव काय? माप तिचं नाय चुकलं! तेल मी ओतलं. काटा समोर होता, तरी मी बाटल्या मोजून ओतलं. चूक माझी हाय!"

हशा एकदम थांबला. मग मीराबाई उठली, पदराने डोळे पुसत शेवंतीजवळ आली.

"शेवंते, उभ्या जन्मात तुझ्या तोंडून 'माझी चूक' ऐकलं नव्हतं. सुनंवर पांघरून घालाला एवढं खोटं बोललीस? सासू असावी तर अशी गो!"

"खोटं नाय! खरंच मीच—"

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," चारी बाजूंनी बायका म्हणाल्या. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी स्वतःच्या सुनेला कोपराने ढोसलं. मीराबाईने ओटीत एक वडी घेतली आणि आणखी एक मागून घेतली.

शेवंतीने रडकुंडीला येऊन सुनेकडे बघितलं. "तू तरी सांग ना गो यांना!"

रुचिताने करंडा उचलला, सासूच्या कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या आई अशाच आहेत."

आणि अख्ख्या गावाला बातम्या पुरवणाऱ्या शेवंतीला त्या दिवशी पुढे एक शब्दही बोलता आला नाही.