साहेबांचं दुसरं इंजेक्शन

आमच्या घरात अबोला काही नवा नाही, पण या वेळचा जरा लांबलाच. ह्यांनी मला न विचारता माझं शिलाई मशीन खोललं, परत जोडता आलं नाही, आणि वर म्हणाले, जुनंच होतं ते. माझं टाळकंच सरकलं. तेव्हापासून सगळा कारभार बोक्यामार्फत. "साहेब, त्यांना सांगा, चहा झाकून ठेवलाय."

साहेब म्हणजे आमचा बोका. घरात दुसरं लेकरू नाही, त्यामुळे लाडांना सुमार नाही. त्याला मधुमेह झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ खाणं झालं की मानेजवळची कातडी चिमटीत धरून इन्सुलिन टोचायचं. एरवी जो टोचेल तो दुसऱ्याला हाक मारून सांगतो.

त्या दिवशी मी एका कोटाला बटणं लावत होते. साहेब दारातून आला तो झोकांड्या खात. मागचे पाय अंगाखाली मुडपत होते. हाक मारली तर बघेना. दोन पावलं टाकून आडवाच झाला आणि त्याचा जबडा थडथडायला लागला.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"इन्सुलिन किती दिलं?"

"रोजच्याइतकंच."

"आणखी कुणी दिलं नाही ना?"

हे दारात उभे होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"अहो, तुम्ही टोचलंत?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे तूही?"

बाई फोनवर सांगत होत्या, साखरेचं दाट पाणी हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि ताबडतोब निघा. ह्यांनी साखर आणली ती निम्मी सांडत. मी बोटानं चोळत राहिले. जीभ गारठली होती मेल्याची.

टॅक्सीत साहेब टॉवेलात गुंडाळून ह्यांच्या मांडीवर. "श्वास चालू आहे ना गं? बघ ना. चालू आहे ना?"

"आहे. गप्प बसा."

ते गप्प बसले, आणि मला ते सहन होईना. "नको, बोला. काहीही बोला."

दवाखान्यात त्याला आत नेलं, ग्लुकोजची सलाईन लावली. आम्ही बाहेर बाकावर.

"इंजेक्शनच्या सुयांच्या डब्यात वापरलेली सुई दिसली होती मला," ते म्हणाले. "ताजी वाटली. तुला विचारावं असं आलंही मनात."

"मग?"

"विचारलं असतं तर मी आधी बोललो असं झालं असतं."

"तुमच्या या ताठ्यापायी त्याचा जीव जायचा."

मी आणखी चार शब्द सुनावणार होते, पण जीभ रेटेना. ह्यांनी फ्रिज उघडला तेव्हा इन्सुलिनच्या बाटलीचा आवाज मी ऐकला होता. येतील विचारायला, नाक घासत येतील, असं म्हणत मी बटणं लावत बसले होते.

"मलाही बाटलीचा आवाज ऐकू आला होता," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढला आणि डोळे पुसले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. साखर वर येतेय, म्हणाल्या, पण आज दिवसभर धोका आहे. इथेच ठेवू. आत्ता भेटून घ्या, पण एकेकानं.

आम्ही दोघंही एकदमच आत गेलो, आणि त्यांनी काही आम्हाला अडवलं नाही.