टेबलावरची पंगत

हितेंद्रने तसबिरीची काच वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसली, ती जुन्या चादरीत गुंडाळली आणि वर सुतळी आवळली. गाठ त्याने जरा जास्तच घट्ट मारली. गिरगावातल्या त्या हॉलमध्ये ती सुटलीच नाही तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"हळू रे. काच फुटेल," पदराला पिन लावत त्याची आई म्हणाली. "पास्कूची आठवण आहे ती."

मालनने ऐंशी ओलांडली होती. नवरा अकाली गेला तेव्हा तिने लालबागच्या चाळीतल्या खोलीत खानावळ काढली आणि गिरणी बंद पडेपर्यंत चालवली. बायकामुलं कोकणात आणि पोट इथं, अशी माणसं दोन वेळा तिच्याकडे जेवायला यायची. त्यांना ती मेंबर म्हणायची. त्यांच्यातलाच एक गोव्याचा पास्कू, गिरणीत फिटर. भाड्याची खोली सोडून तो मित्राकडे राहायला गेला तेव्हा ही मोठी तसबीर ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती त्याने मालनच्या भिंतीला लावली. लिओनार्दोचं जगप्रसिद्ध चित्र, येशूचं शेवटचं भोजन. रस्त्यावर विकत मिळते तसली छापील प्रत, पण रंग झकास.

मालनने कमरेवर हात ठेवून ते चित्र नीट पाहिलं आणि ही पंगत आहे, असा निकाल देऊन टाकला. टेबलावरची आहे, साहेब लोकांची आहे, पण पंगतच. सगळे एका बाजूला बसलेत, कारण वाढणाऱ्या बाईला समोरून मोकळी वाट हवी. मधला दोन्ही हात पसरून 'पुरे, आता काही नको' म्हणतोय आणि शेजारचे त्याला आग्रह करतायत. एकाने बोट वर केलंय, त्याला अजून एक भाकरी हवीय. आणि एका धसमुसळ्याने कोपराने मीठ सांडलंय. नव्या मेंबराला ती पहिल्याच दिवशी चित्रापुढे उभं करायची. असं भिंतीला पाठ लावून बसायचं, भाकरी हवी तर बोट वर करायचं, ओरडायचं नाही, आणि मीठ सांडायचं नाही. गिरणीचे गडी, पण निमूट बोट वर करायचे.

हितेंद्रला खरं कळलं ते कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आईला सांगायला तो तावातावाने घरी निघाला होता, ते ऐकून रामू विणकर या जुन्या मेंबराने त्याला जिन्यातच अडवलं.

"आवशीक सांगू नको हां," रामू म्हणाला. "तिची पंगत आसा ती."

हितेंद्र गप्प बसला. तेव्हापासून तो गप्पच होता. पण आता त्याच्या मुलीच्या, रश्मीच्या, कला महाविद्यालयातल्या मुलांनी कार्यक्रम ठरवला होता, घरातलं नावाजलेलं चित्र आणि त्याची गमतीदार आठवण. रश्मीने आजीचं नाव देऊन टाकलं आणि आजी एका पायावर तयार झाली. समोर चित्रकार, प्राध्यापक, सगळी जाणती मंडळी बसणार होती. आपली आई त्यांना बोट आणि भाकरी समजावतेय, या कल्पनेनेच हितेंद्रला घाम फुटत होता. रश्मीजवळ तो बोलला, तर ती म्हणाली, "बाबा, तीच तर मजा आहे." हे ऐकून तर त्याचं उरलंसुरलं अवसान गळालं.

टॅक्सी भायखळ्याच्या सिग्नलला थांबली तेव्हा त्याला राहवेना.

"आई, एक सांगू? ती पंगत नाहीये."

"मग काय आहे?"

त्याने सांगितलं. मधला येशू. दुसऱ्या दिवशी त्याला क्रुसावर चढवणार आहेत, आणि हे त्याचं शेवटचं जेवण. तुमच्यातलाच एक जण माझा घात करणार, असं तो आत्ताच बोललाय, म्हणून बाकीच्यांची गडबड उडालीय.



"म्हणजे तो पुरे म्हणत नाहीये?"

"नाही."

"आणि बोटवाला?"

"भाकरी मागत नाहीये, आई."

सिग्नल सुटला.

"रामूला माहीत होतं?"

"हो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"पास्कूला तर असणारच," ती स्वतःशीच म्हणाली. मांडीवरच्या गाठोड्यावर तिने तळहात ठेवला आणि गिरगाव येईपर्यंत तो तसाच राहू दिला. हितेंद्रला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. आता ती दोन शब्द बोलून खाली बसेल, असं तो धरून चालला.

मालन बसली नाही. रश्मीने तसबीर टेबलावर उभी केली आणि म्हातारीने पहिल्यापासून सुरुवात केली, अगदी पूर्वी नव्या मेंबराला सांगायची तशीच. मोकळी वाट, हात पसरलेला पाहुणा, आग्रह, एक भाकरी, सांडलेलं मीठ. हॉल हसून हसून लोळायला आला. पुढच्या रांगेतले प्राध्यापक चष्मा काढून डोळे पुसत होते. शेवटच्या रांगेत हितेंद्र मान खाली घालून चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होता.

"हसा, हसा," मालन म्हणाली. "हे चित्र खरं कसलं आहे, ते मला आत्ता टॅक्सीत कळलं. माझ्या मेंबरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि पास्कूचा तर तो देवच. जेवायच्या आधी तो डोळे मिटून पुटपुटायचा, तर मी म्हणायची, पास्कू, देवाला मागनं भेट, आमटी निवते. त्याचा देव समोर भिंतीवर, तोपण जेवायला बसलेला. पास्कू हसायचा आणि भाकरी मोडायचा."

लोक पुन्हा हसले. ती थांबली.

"माझी माणसं काही गरीब गाय नव्हती. आमटी खारट झाली तर तोंडावर सांगायची. भांडायची माझ्याशी. पण एवढी वर्षं माझ्या हातचं जेवली, आणि हे एक कोणी बोललं नाही. का नाही बोलले, याचाच विचार करत आले मी वाटेत." तिने पदर सावरला. "त्यांना माझी लाज वाटत नव्हती, म्हणून."

हितेंद्रकडे तिने पाहिलंही नाही. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. हितेंद्रचे हात टाळीसाठी जवळ आले आणि तिथेच राहिले. त्या दमेकरी, पान खाणाऱ्या, अर्धवट शिकलेल्या माणसांची त्याला एकदम फार आठवण आली. केवढी मोठी माणसं होती ती, आणि आपण त्यांच्याच ताटाला ताट लावून जेवलो, असं त्याला वाटलं.

"हितू," व्यासपीठावरून हाक आली, "इकडे ये. यांना जवळून बघायचंय, आणि मला काही ती उचलवत नाही."

तो उठला. खुर्च्यांमधून वाट काढत, सगळ्यांच्या देखत वर गेला आणि तसबीर छातीशी धरून आईच्या शेजारी उभा राहिला.

"अजून वर धर," मालन म्हणाली. "मागच्यांना पंगत दिसत नाही."

हितेंद्रने ती डोक्याच्या वर धरली.